जागेश्वरनं कोरलेली जोडी

जागेश्वर कारध्याचा. वय एकाहत्तर. भंडाऱ्याच्या ज्या छापखान्यात मी एकतीस वर्षं पायमशीन चालवली, तिथं तो लाकडी ब्लॉक कोरायचा. नाटकाच्या जाहिरातीवरचं चित्र, शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, पत्रकावरची बैलजोडी, सगळं त्याच्या हातचं. एका ब्लॉकला दहा-बारा दिवस लागत. शिवणीचं लाकूड, तेही खोड आडवं कापून काढलेलं. उभ्या रेषांवर कोरणी घसरते. नखाएवढी चूक झाली की अख्खा ब्लॉक रंध्याखाली जायचा. छापखाना बंद पडला तेव्हा मालकानं त्याचे ब्लॉक चुलीत घातले. जागेश्वर घरी पोळपाट करायला लागला.

यंदा पुसात, पौषाच्या थंडीत, आसगावच्या पट कमिटीचा वीरेंद्र त्याच्याकडे आला. फ्लेक्स तर छापायचेच होते, पण चाळीस कागद जुन्या पद्धतीचे, लाकडावरून छापलेले हवे होते. चाळीस गावांत एकेक लावायचा. चित्र कोणतं, तर गेल्या पटात पहिली आलेली गोमाजीची जोडी. पांढरा मोरू उजव्या हाताला, कबरा लखन डाव्या. मुदत तेरा दिवस.

जागेश्वरच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं बाकी होतं. हातही पहिल्यासारखा नव्हता.

"काहून अंगावर घेतलं गा?" मी विचारलं.

"अजून जमते का, ते मले पाहाचं हाय."

"नाही जमलं तं?"

"तं तू हासजो. तुले दुसरं काम तरी काय हाय?"

ब्लॉकवर सगळं उलटं कोरावं लागतं, म्हणजे छापल्यावर सुलटं येतं. त्यासाठी तो आधी पातळ कागदावर चित्र काढायचा, कागद पालथा करून लाकडावर ठेवायचा आणि कार्बननं उतरवायचा. खाली गावाचं नाव असायचं. अक्षरं उलटी दिसली की काम बरोबर चाललंय हे पहिल्याच दिवशी कळायचं. या वेळी नाव नव्हतं. ते कॉम्प्युटरवर वेगळं छापून खाली चिकटवायचं ठरलं होतं. आणि कार्बनच्या फिकट रेघा डोळ्याला दिसेनात म्हणून जागेश्वरनं फोटो समोर ठेवून पेन्सिलीनं थेट लाकडावर जोडी काढली. कागद पालथा करायची पायरीच गेली.

नऊ दिवस कोरलं. सकाळी आठ ते अकरा, दुपारी तीन ते पाच. मी रोज सायकलनं जायचो. मध्ये दोनदा हाताला गोळा आला, तेव्हा त्यानं मनगट गरम पाण्यात धरलं आणि पुन्हा बसला.

दहाव्या दिवशी पहिला कागद काढला. मी शाईचा रूळ फिरवला, कागद ठेवला, चमच्याच्या पाठीनं घासला. त्याची सून रक्षा म्हणाली, "मामाजी, बैल तं आंगावर येऊन राहिले!"

वीरेंद्र आलाच होता. त्यानं कागद पाहिला, मग मोबाईलमधला फोटो काढून शेजारी धरला. एकदा कागदावर, एकदा फोटोवर बोट ठेवलं.

"मामा, मोरू डावीकडं आला ना."

जागेश्वरनं कागद हातात घेतला. डोळ्याजवळ नेला. खाली ठेवला.

"चालते बाप्पा," वीरेंद्र म्हणाला, "कोण एवढं पाहाते?"

"गोमाजी पाहील. त्याची बायको पाहील. पटाले येनारं लेकरूबी पाहील." जागेश्वरचा आवाज चढला नव्हता. "उजवा बैल डावीकडं जुंपला तं छकडा धानाच्या बांधीत जाते. लोक म्हनतीन, कोरनाऱ्यानं कधी बैल पाहेला नाही."

"मंग आता?"

"तीन दिवस हायेत ना? तू जाय."

कबऱ्याचा पांढरा करणं सोपं. ठिपके उडवले की झालं. पांढऱ्याचा कबरा करणं अवघड, कारण तिथलं लाकूड आधीच काढलेलं. लखनच्या अंगावर सात ठिपके. मी गिरमिटानं सात भोकं पाडली. त्याच लाकडाच्या, भोकांत घट्ट बसतील अशा सात गुल्ल्या तासल्या, सरस लावून ठोकल्या आणि वरून सपाट केल्या. त्याला एक दिवस गेला. माझ्या खांद्यात तेव्हापासून कळ आहे. जागेश्वरनं त्या गुल्ल्यांचे ठिपके कोरले.

राहिलं शिंग. लखनचं डावं शिंग खाली वाकलेलं आहे, आणि आता लखन झालेल्या बैलाला त्या जागी लाकूडच उरलं नव्हतं.

"शिंग राहू दे," मी म्हटलं. "एवढी बारीक गुल्ली टिकनार नाही."

"वाकड्या शिंगाबिगर लखन कसा होईल गा? मंग कोनाचाबी बैल झाला."

दोन गुल्ल्या कोरतानाच तुटल्या. तिसरी बसली. बसली तेव्हा दुपार झाली होती आणि तो घामानं भिजला होता. पुसात.

शेवटच्या दिवशी छापायला घेतलं. एका कागदाला सहा मिनिटं. मी घासायचो, तो कागदाचं टोक उचलून पाहायचा, रक्षा दोरीवर टांगायची. मोरू उजवीकडे, लखन डावीकडे, शिंग वाकडं. ठिपक्याभोवती केसाएवढी पांढरी रेघ येत होती. ती आम्हालाच दिसत होती.

एकतिसाव्या कागदाबरोबर शिंग निघून आलं. कागदालाच चिकटलेलं होतं.

वीरेंद्र दारात उभा होता. "मामा, दहाच राहिले. शिंगाबिगर काढा, नाही तं पेनानं काढून घेऊ."

"तीस ने."

"चाळीस गावं हायेत."

"दहा गावांत फ्लेक्स लाव."

"लोक नाराज होतीन."

"होऊ दे. माह्या हातचे तीसच."

वीरेंद्रनं माझ्याकडे पाहिलं. मी चमचा खाली ठेवला. तीस कागद वाळल्यावर त्यानं ते गुंडाळले आणि मोटारसायकलवर पुढं धरून गेला.

जागेश्वर पाटावरून उठायला लागला. मी एका बाजूनं धरलं, रक्षानं दुसऱ्या. त्याला खाटेवर टाकलं. रक्षानं जेवायला विचारलं, तर त्यानं नुसता हात हलवला. मग शाईचे हात न धुताच तो झोपला.