हो म्हणून चालत नाही

काय वं बाई! कॉलेजात मीडिया शिकवते म्हणून मावशीले काय फोनवरच भेटत राहशील? तूच म्हणाली, "स्लो टीव्हीवर लिहून राहिली मी, तुझं काय म्हणणं आहे ते लिहून पाठव." लिहिणं काही होत नाही मले, फोनमध्ये बोलूनच पाठवते, तर ऐक आता.

मागच्या दिवाळीत तूच आमच्या टीव्हीवर ती स्लो टीव्हीवाली रेल्वे लावून दिली होती. इंजिनाच्या काचेतून दिसणारे रूळ, बर्फ, बोगदे, अन् तासन्‌तास तेच. मी म्हटलं, "याच्यात होते काय?" तू हसली. "कुछ नहीं होता, मावशी, वही तो बात है. लोक दमलेत गं. इथं कोणी ओरडत नाही, कोणी काही विकत नाही. अर्ध्यात उठून भाजी फोडणीला टाकली तरी काही चुकत नाही."

तुझं खरं आहे. पण आमच्या घरी उठता येत नाही.

लकवा झाल्यापासून तुझ्या मावसाजींचं बोलणं गेलंच होतं. तू परत गेल्यावर एका दुपारी ते गाडी पाहून राहिले होते, मी बाजूले तांदूळ निवडत होती. एकदम आवाज आला, "हरा!"

सूप हातातून सुटलं. मी म्हटलं, "हो, हो, बोला न!"

ते चिडले. "हरा!"

"हो!"

"हरा!"

मग उमजलं, टीव्हीतल्या गाडीले हिरवा सिग्नल दिसला होता. जन्मभर मालगाडी चालवली त्यायनं. सिग्नल दिसला की एकानं रंग बोलायचा, सोबतच्यानं तोच रंग परत बोलायचा. तवाच दोघायनं पाहिला असं धरतात. मी "हरा" म्हटलं तसा त्यायचा हात खुर्चीवर सैल पडला. हो-हो म्हणून सारा संसार केला मी, अन् आता म्हणे हो चालत नाही!

त्या दिवशी आनंदानं रडली मी. आता थकली वं. रोज जेवण झालं की गाडी सुरू. परवा डोळा लागला अन् झोपेतच "हरा" बोलून गेली. होता पिवळा. संध्याकाळपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही. शेजारीण बसते कधी, पण ती पावर हाउस बाजारातल्या साड्यांचे भाव सांगत राहते अन् सिग्नल निघून जातो. टीव्ही बंद केला तर ते गप्पच होतात. तो एक शब्दही पुन्हा गेला तर, म्हणून बंद करत नाही.

तू म्हणते, पाहणाऱ्याले काही करावं लागत नाही, हीच त्यातली गोडी. मलेही एकदा तशीच पाहायची आहे ती गाडी. पाय पसरून, अर्ध्या झोपेत, कोणता रंग आला याची फिकीर न करता.

लवकर ये, बाई. चार दिवस सुट्टी काढूनच ये. दुपारी त्यायच्या बाजूच्या खुर्चीवर तू बस, रंग बोल. मी आतल्या खोलीत पडते जरा. येशील न?