हिराआत्याचं बोलावणं

आमच्या गावात लग्नपत्रिका आता फोनवर येते, पण तिला कुणी बोलावणं म्हणत नाही. बोलावणं म्हणजे माझी हिराआत्या. हातात हळदकुंकवाचं ताट, त्यात अक्षता, आणि प्रत्येक उंबऱ्यावर चिमूटभर ठेवून "हळदीला या गो समदी" अशी खणखणीत हाक. ज्या उंबऱ्यावर ती गेली नाही, त्या घरातलं माणूस मांडवात पाऊल टाकत नाही, मग घर मांडवाला लागून का असेना.

आत्याला गावातच दिलेली. लहानपणी मी तिचा पदर धरून या फेऱ्यांना जायचे, गूळखोबऱ्याच्या लोभाने. चाळीस घरांना सकाळ पुरत नसे, कारण आत्या दर चार पावलांवर थांबायची. "योगे, लहानीकाकीचा हात बघ," ती एखाद्या अंगणाकडे बोट दाखवायची. शेणाने सारवलेल्या जमिनीवर बोटांच्या कमानी उमटलेल्या असायच्या. मला सगळ्या सारख्याच दिसायच्या. आत्याला मात्र त्यावरून कळायचं, कुणी घाईत सारवलंय, कुणी मन लावून, कुणाच्या घरात नवी सून आलीय. सुपात वाळत घातलेले वाल, कौलांवर चढलेलं भोपळ्याचं फूल, कुडाला टेकवलेला नवा खराटा, काहीही तिला पुरायचं. मी कंटाळून भोकाड पसरायचे. आज कल्याणच्या इमारतीत सात वर्षं राहतेय, आणि शेजारचं दार कुठल्या रंगाचं आहे हे मला विचारू नका. त्या सकाळींची फार आठवण येते.

गेल्या माघात माझ्या भावाचं, धनेशचं लग्न निघालं. आत्याने मला हक्काने सोबत घेतलं. सिद्धगडावर धुकं होतं, आंबे मोहरले होते, आणि सत्तरीतली आत्या तशीच थांबत, न्याहाळत चालली होती. मी एका हातात ताट आणि दुसऱ्या हातात फोन सांभाळत होते. रजेवर असले तरी ऑफिसला माझ्यावाचून करमत नव्हतं.

शेवटच्या आळीच्या वळणावर ती थबकली. पुढे प्रेमाकाकीचं घर. प्रेमाकाकी शहापूरकडची, सापगावची. दोघी एकाच वर्षी नांदायला लागल्या, एकाच विहिरीवर पाणी भरलं, आणि एकीचं बाळ रडलं तर दुसरीने पदराखाली घेतलं.

"सारवण नाय, रांगोळी नाय," आत्या हळूच म्हणाली. "तिचा चुलतदीर कल्याणला दवाखान्यात हाय. गेला वाटतं बिचारा."

"विचारून येऊ का?"

"सुतकाच्या दारात अक्षता घेऊन? खुळी का काय! चल मागं."

मी बरं म्हटलं आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं.

दोन दिवसांनी, हळदीच्या दुपारी, मांडव भरला. आत्या हळद कुटायला बसली होती. तिच्या शेजारी लहानीकाकी. तिने विचारलं, "प्रेमा कशी नाय आली गो?"

"सुतक ना तिला."

"कसलं सुतक? दीर बरा होऊन घरी आला की. अंगणात लादी बसवलीन तिनं, ठाव नाय तुला?"

मातकट रंगाची लादी. वळणावरून पाहिली तर न सारवलेली माती वाटावी अशी.

आत्याचा चेहरा खर्रकन उतरला. मुसळ खाली ठेवून तिने ताट उचललं आणि निघाली. मी मागोमाग पळाले.

प्रेमाकाकी उंबऱ्यातच बसली होती. "ये," म्हणाली, पण बस म्हणाली नाही. आत्याने आडपडदा ठेवला नाही. "मला वाटलं सुतक हाय. दार सारवलेलं नवतं."

प्रेमाकाकी म्हणाली, "त्या दिशी तुला वळणावर बघलं मी हिरे. लुगडं बदलून बसलेली. तू उभी ऱ्हायलीस, अंगण बघलंस नि माघारी गेलीस. एक हाक मारली असतीस तर?"

आत्याची नजर लादीवर गेली.

"आनि सारवू कशी? वरीस झालं, गुडघं वाकत नाय. म्हनून पोरानं लादी आनली."

आत्याच्या डोळ्यांना धार लागली. गावातल्या एकूण एक अंगणाची खबर ठेवणारी ती, आणि जिवाभावाच्या मैत्रिणीचे गुडघे वर्षभर तिच्या नजरेतून सुटले होते. मला तिला दोष देववेना. मी मान वर केली असती तर माझ्या तरण्या डोळ्यांना ती लादी नक्की दिसली असती. लाज वाटली मला.

आत्याने उंबऱ्यावर अक्षता ठेवल्या. "हळदीला ये गो," ती म्हणाली, जेमतेम ऐकू येईल इतक्या आवाजात.

"उठव मग मला," प्रेमाकाकीने हात पुढे केला.

पाच मिनिटांच्या वाटेला आम्हाला अर्धा तास लागला. वाटेत कुणाच्या दारात काय वाळत होतं, कुठे काय फुललं होतं, आत्याने काही पाहिलं नाही. ती प्रेमाकाकीच्या पावलांकडे बघत चालली होती, आणि दगड आला की आधीच सांगत होती.