टिपकागदाची चूक

तिचं खरं नाव मित्रमंडळींत कुणी घेत नसे. सगळे तिला टिपकागद म्हणत. दिसेल ते टिपायचं आणि ब्लॉगवर टाकायचं, हा तिचा स्वभावच. भिंतींवरच्या चित्रांविषयी लिहिणारी पाच-सहा पोरं दर रविवारी शहरभर भटकत, त्यांत हिची जीभ सगळ्यात तिखट.

एकदा एका गल्लीच्या टोकाला रंगांच्या फटकाऱ्यांनी भरलेली भिंत दिसली. हिने तिच्याविषयी लांबलचक लेख लिहिला: 'अनामिक कलावंताचा आक्रोश.' वाचकांनी तो डोक्यावर घेतला. आठवड्याने ती त्या कलावंताला शोधत गेली, तर शेजारच्या दुकानातले पाट्या रंगवणारे काका हसून म्हणाले, "आक्रोश कसला, पोरी? वीस वर्षं मी तिथे ब्रश पुसतोय!"

"लेख उडवून टाक, नाक कापलं जाईल," मित्र म्हणाले.

"नाक माझं आहे. तुम्ही आपापली सांभाळा," ती फणकारली. लेख तिने तसाच ठेवला आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं: 'न विचारता लिहिलं. इथे काका ब्रश पुसतात.' मग काकांच्या पाट्यांविषयी नवा लेख लिहिला आणि आधी त्यांना वाचून दाखवून मगच ब्लॉगवर टाकला.

पुढच्या रविवारी सगळे तिथे गेले. जन्मभर दुसऱ्यांची नावं रंगवणाऱ्या काकांनी फटकाऱ्यांखाली झोकदार अक्षरांत रंगवलं होतं: 'चूकभूल द्यावी घ्यावी.' आणि त्याखाली आपल्या कामावरची आयुष्यातली पहिली सही: 'आक्रोशवाले काका.'