बांबूची तिसरी उडी

धावायला निघण्याआधी ती पोल आडवा धरायची आणि डोळे मिटून या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यावरून तळहात फिरवायची. बाकीच्या मुली हसायच्या, पंच घड्याळाकडे बघायचे. ती मात्र घाई करायची नाही. "डोळ्याला न्हाई कळत सर, हाताला कळतं," म्हणायची. ओरखडा असेल तर पोल नेमका तिथूनच मोडतो, हे मीच तिला शिकवलं होतं. बांबूउडी मारणारी मिरजगावातली ती एकुलती एक मुलगी, म्हणून शाळेने तिचं नाव 'बांबू' ठेवलं होतं. तिला त्याचा राग नव्हता. हाक मारली की ओ द्यायची.

मी तिथे खेळाचा शिक्षक, आणि स्वभावाने भित्रा. माझ्यासारख्याने मुलांना फार तर गोळाफेक शिकवावी. पण सातवीत असताना तिने गॅदरिंगच्या मांडवाचा एक बांबू उचलला आणि त्याच्या आधाराने शाळेमागचा रुंद चर एका झेपेत ओलांडला. ते मी पाहिलं आणि माझी झोप उडाली. मग आम्ही मैदानात खड्डा खणला. त्यात उसाचं पाचट भरलं, वर भुशाच्या गोण्या टाकल्या. ती वर गेली की माझा श्वास अडकायचा. ती खाली पडायची, केसांतलं पाचट काढायची आणि विचारायची, "सर, उडी मी मारली. घाम तुमाला का आला?"

तिचे आईवडील ऊसतोडीला जायचे, म्हणून ती मामाकडे राहायची. मामी मला रस्त्यात गाठायची. "सर, पोरगी आमच्या जिवावर ठेवलीय. हातपाय मोडला तर वन्संला काय तोंड दाखवू मी?" बांबू तिला म्हणायची, "मामी, वर गेल्यावर भ्या वाटतच न्हाई. भ्या समदं खालीच ऱ्हातं." ती बोलायची मामीला, पण खाली उभा मी असायचो.

ती दहावीत असताना नगरला निवड चाचणी लागली. ठरलेली उंची पार केली की सरकारी क्रीडा वसतिगृहात जागा मिळणार होती. तिथे पडायला खरी गादी होती आणि शिकवायला खरा प्रशिक्षक. वयाच्या अटीमुळे तिची ती शेवटची संधी होती. फायबरचा पोल आमच्याकडे एकच, तोही कुणीतरी वापरून दिलेला. एसटीत तो मावेना, म्हणून ओळखीच्या टेम्पोवर बांधला. दोरी कमी पडली तशी मी तार गुंडाळली. आमच्याकडे फाटकापासून सायलेन्सरपर्यंत सगळं तारेनेच बांधतात, त्यात मला काही वावगं वाटलं नाही. नगरला पोचल्यावर तार सोडली, तर पोलावर बोटभर लांब ओरखडा. नख अडकेल इतका खोल.

मी तिला सांगितलं नाही. पोल गेला की वसतिगृह गेलं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. सवयीप्रमाणे ती हात फिरवायला लागली, तेव्हा मी म्हणालो, "राहू दे, मी बघितलाय सगळा." तिने लगेच हात काढला. "मग काय," म्हणाली आणि धावपट्टीकडे गेली.

पहिल्या दोन्ही उड्यांना आडवी दांडी पडली. दोन्ही वेळा पोल वाकला तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. तिसऱ्या, शेवटच्या उडीला ती धावत सुटली आणि मला राहवलं नाही.

"थांब! बांबू, थांब!"

तिने टाचा रोवल्या आणि धापा टाकत मागे वळली. "काय झालं सर?"

मी ओरखड्यावर बोट ठेवलं. "आत्ता दिसला. उन्हात चमकला."

दुसऱ्या एका मुलीचा पोल मागायला मी पळालो, पण तेवढ्यात बांबूला उडीसाठी दिलेलं मिनिट संपलं. पंचांनी लाल झेंडा वर केला, उडी बाद.

टेम्पोत ती बाहेर बघत रडत होती. मिरजगाव जवळ आलं तशी मलाच समजावू लागली, "जाऊ द्या सर. हातपाय तर धड हायेत." त्या उडीला तो पोल टिकला असता की मोडला असता, मला आजही माहीत नाही.

पुढे ती राहुरीला कॉलेजात गेली. दुसऱ्यांचे पोल मागून उड्या मारल्या, राज्याचं पदक मिळवलं, पोलिसात लागली. सगळं मिळालं, पण उशिरा. वसतिगृहात गेली असती तर किती वर जाऊ शकली असती, याचा हिशेब मी मनात करत बसतो आणि मला माझी लाज वाटते.

हल्ली ती सुट्टीच्या दिवशी मुलींना शिकवते. गेल्या हिवाळ्यात सहा-सात जणींना घेऊन माझ्या घरी आली. म्हणाली, "हेच ते आमचे सर. लई बारीक नजर. एवढ्या लांबनं ओरखडा दिसला त्यांना, म्हणून मी आज उभी हाय." मुली एकेक करून माझ्या पाया पडल्या. खरं काय ते आता सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं. ती माझ्याकडेच बघत होती.

"चहा घेणार ना गं सगळ्या?" मी म्हणालो.