चढवलेली बाटली

मिस्त्रीचं उभं आयुष्य नळजोडणीत गेलं. आटे जुळत नसतील तर जोर लावू नका, हे तो हाताखालच्यांना ओरडून सांगायचा. मग किडन्या गेल्या. दिवसाआड डायलिसिसच्या यंत्राला जोडून घेणं आलं, यादीत नाव घालून वाट बघणं आलं.

एका सकाळी हॉस्पिटलातून बोलावणं आलं. कुणीतरी गेलं होतं आणि घरच्यांनी किडनी द्यायला होकार दिला होता. बायकोने तिथल्या तिथे उद्याची डायलिसिसची वेळ रद्द करून टाकली.

एका किडनीसाठी दोघांना बोलावलं होतं. पहिला मिस्त्री, त्याला जुळली नाही तर एक शिक्षिका. दोघं उपाशीपोटी एकाच बाकावर बसली.

"तुम्हाला मिळाली तर मला राग नाही हं," बाई म्हणाल्या.

"येऊ द्या की. मला आला असता."

जुळणी बघणाऱ्या ताई आल्या. मिस्त्रीच्या रक्ताचा नमुना त्यांच्याकडे आधीचा ठेवलेला होता. तो मृताच्या पेशींशी लावून बघायचा, एवढंच बाकी होतं.

"मामा, मध्ये कुठे रक्त चढवलंत का?"

"छे हो!" बायको पटकन म्हणाली.

चढवलं होतं. जिन्यात दर मजल्यावर बसावं लागायचं, म्हणून घराजवळच्या दवाखान्यात एक बाटली घेतली. पुढचा आठवडाभर मिस्त्री एका दमात वर गेला. रक्त घेतलंत तर कळवा, असं ताईंनी बजावलं होतं. पण दुखणं आलं तर कळवायचं. ताकद आली, ती काय कळवायची?

मिस्त्रीने बाईंकडे पाहिलं नाही.

"चढवलंय, ताई."

"अहो मामा! परकं रक्त गेलं की अंग परक्याला विरोध करायला शिकतं. जुन्या नमुन्यात ते दिसलंच नसतं. किडनी टेबलावरच काळी पडली असती."

नवीन रक्त काढलं. दुपारी निकाल आला. जुळत नव्हती.

बाईंना आत नेलं. जाता जाता त्या काहीतरी बोलल्या. मिस्त्रीने मान हलवली. काय बोलल्या ते त्याच्या डोक्यात शिरलं नाही.

कॅन्टीनमध्ये बायकोने अर्धा कप चहा पुढे सरकवला.

"गप्प बसला असतात तर?"

"फुकट गेली असती."

"बाटली घ्या म्हणून मीच मागे लागले होते."

मिस्त्रीने चहा संपवला. गोड होता की नाही, सांगता आलं नसतं.

"उद्याची वेळ रद्द केलीस ना? जा, परत मागून घे."