आमच्या गावची ओहोटी

चहा घ्या. फाटलेला दिसतो ना? दूध चांगलं आहे हो, म्हशीचं आहे, सकाळचंच आहे. पाणी आमचं आहे. आमच्या विहिरीचं पाणी दुधात पडलं की दोघांचं जमतच नाही. डोळे मिटून प्या आणि पिता पिता ऐका, कारण या फाटक्या चहापायी मी एकदा अकोला जिल्ह्यात समुद्र आणला होता.

हसताय काय? खरंच आणला होता! सरकारदरबारी तो अजून आहे.

तो कोपऱ्यातला पांढरा कॅन बघितलात? त्यात गोड पाणी आहे. त्याचा चहा तुम्हाला का नाही दिला, तेही कळेल शेवटी. आत्ता रागावू नका.

मी गजानन. गावात माझी पिठाची चक्की, आणि तेव्हा मी उपसरपंचही होतो. शिवाय भूगोल घेऊन बी. ए. झालेला गावातला एकमेव माणूस, आणि हेच सगळ्या रोगाचं मूळ. गाव अकोल्याहून अकोटकडे जाताना रस्त्यापासून आत. नाव नाही सांगत, आधीच पुष्कळ शोभा केली आहे मी त्याची. हा खारपाणपट्टा. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी जमिनीखाली खारं पाणी. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि माणसाच्या किडन्या हळूहळू जातात. आमच्याकडे कोणी आजारी पडलं की आधी पायाकडे बघतात, सुजलेत का म्हणून.

त्यात ती वर्षं फार वाईट होती. पाऊस यायचा नाही, कापसाला कोणी विचारायचं नाही, आणि पेपर उघडला की कोणत्या गावात कोण गेलं तेच आधी दिसायचं. मला ते पेपराआधी चक्कीवर कळायचं. डबे तेच यायचे, पण दाणे बुडाशी. चक्की सुरू केली की लगेच बंद करायची पाळी. फार उदास वाटायचं तेव्हा, खोटं कशाला बोलू.

माझ्या शेजारी रफिकभाई. गाद्या पिंजतात. त्यांची बायको जुबेदाचाची. माझी आई गेल्यापासून ईदचा शिरखुर्मा आणि रोजचं रागावणं, दोन्ही मला चाचीकडूनच. त्या साली चाचीचे पाय सुजले. अकोल्याच्या डॉक्टरनं सांगितलं, किडनी कमजोर आहे, विहिरीचं पाणी बंद करा, गोड पाणी प्या. सांगायला काय जातं? गोड पाणी आणायचं कुठून? टँकर आला तर आला, आणि आला तर त्यावर अख्खं गाव तुटून पडायचं.

अशात पंचायत समितीतून निरोप आला की अमरावतीला एक शिबिर आहे, गावातून एक माणूस पाठवा. विषय काय? ‘ग्रामपंचायती व नगरपरिषदांना समुद्रकिनारा सांभाळण्यासाठी साधनसामग्री’! अमरावतीत! आदेश निघताना ‘सर्व विभागांत’ असा निघाला असणार, मग अमरावती विभागानं काय समुद्र नाही म्हणून मागं राहायचं? आमच्या सरपंच वनमालाकाकू म्हणाल्या, तू भूगोलवाला आहेस, तूच जा, जेवण तरी देतील.

गेलो. सभागृहात वऱ्हाडातले सगळे उपसरपंच पंख्याखाली पेंगत होते. व्यासपीठावर मुंबईहून आलेले एक साहेब. बारीक, चष्म्याचे, आवाज मऊ. वाळूच्या टेकड्या, कासवांची अंडी, भरतीच्या रेषा, सगळं मन लावून सांगत होते बिचारे. मीही पेंगत होतो. मग कानावर आलं की किनाऱ्यावरच्या काही गावांत विहिरी खारट होतात, तिथे खारं पाणी गोड करणारं यंत्र बसवायचा विचार आहे, आणि गावं साहेब स्वतः बघणार आहेत.

माझी झोप उडाली. डोळ्यांपुढे चाचीचे पाय. मी ताडकन उभा राहिलो आणि म्हणालो, आमच्या गावच्या सगळ्या विहिरी खारट आहेत साहेब. साहेबांनी पेन थांबवलं. समुद्र किती लांब तुमच्यापासून, त्यांनी विचारलं.

आता काय बोलावं? पण मी बी. ए. भूगोल ना! फार पूर्वी आमच्या खोऱ्यात समुद्र शिरला होता, असं आमचे सर वर्गात सांगायचे. मी म्हणालो, “आता थोडा मागे सरकलाय.”

खोटं होतं का? सरकलाच आहे. केव्हा सरकला, ते फक्त नाही सांगितलं.

साहेब किंचित हसले, म्हणाले, येतो बघायला. ते हसू बघून मी मनात म्हटलं, फसला गडी. कारण आपल्या वऱ्हाडी माणसाचा एक पक्का समज आहे, की मुंबईच्या साहेबाला वऱ्हाड कुठे आहे हे माहीतच नसतं. आपले हाल त्याला माहीत नाहीत, तर आपला नकाशा कुठून माहीत असणार? या समजावर आमच्या पिढ्या पोसल्या आहेत. मी त्याच्यावर समुद्र उभा केला.

गावात येऊन काकूंना सांगितलं. त्या ज्वारी पाखडत होत्या. सूप खाली ठेवून म्हणाल्या, “समुद्र कुठून आणशीन रे गज्या?”

मग त्यांनीच मार्ग काढला. “समुद्र नाई दाखवता येत. पण समुद्राचं सामान तं दाखवता येते ना.”

आणि तपासणीचा सराव आमच्या गावाला दांडगा! वाचनालय बघायला कोणी आलं की शेजारच्या गावची पुस्तकं उसनी आणायची, त्यांच्याकडे कोणी आलं की आपल्या खुर्च्या-सतरंज्या पाठवायच्या. ही उसनवारी सगळीकडे चालते. पण समुद्र उसना आणायची आमचीही पहिलीच वेळ.

पूर्णेवरच्या भोयांकडून एक डोंगा, म्हणजे लहान होडी, आणि जाळं बैलगाडीवर घालून आणलं. गावतलाव कोरडाठाक होता, त्याच्या मधोमध डोंगा ठेवला. काठावर नदीची वाळू ओतली. रफिकभाईंनी अकोल्याच्या जुन्या शहरातल्या बाजारातून सुके बोंबील आणले, ते दोरीवर वाळत घातले. झालं! पंचक्रोशीतली मांजरं गावात. माळकरी मंडळींनी नाकाला उपरणं लावून देवळातलं भजन बंद ठेवलं आणि मला शाप दिले. मी चक्की बंद ठेवून गावकऱ्यांचे वर्ग घेत होतो. भरती म्हणजे काय, ओहोटी म्हणजे काय. समुद्र मी तरी कुठे बघितला होता? पण शिकवलं. साहेबांनी पाणी कुठे आहे विचारलं तर काय म्हणायचं? ओहोटी आहे. सगळ्यांकडून घोकून घेतलं.

फक्त रफिकभाई म्हणाले, “गजाभाऊ, दर्या म्या कधी पाह्यला नाई. पण झूठ पाह्यली हाय. ते पचत नाई.” मी म्हटलं, चाचीसाठीच करतोय ना हे? मग ते उठून बोंबील उलटवायला गेले.

मे महिन्यात साहेब आले. एकटेच, सोबत ड्रायव्हर. आले ते सरळ विहिरीवर गेले. ओंजळभर पाणी पिऊन बघितलं, एक बाटली भरून घेतली. त्यांना तिथेच थांबायचं होतं. पण मी थांबू देईन तर ना! हाताला धरून तलावावर नेलं.

भेगाळलेल्या तळाशी डोंगा, वर तापलेलं ऊन, बाजूला बोंबील. साहेबांनी काठावरून सगळीकडे नजर फिरवली. “पाणी?” त्यांनी विचारलं.

“ओहोटी हाय साहेब,” काकू म्हणाल्या.

“कधीपासून?”

हे काही मी शिकवलं नव्हतं. आणि काकू सरळ बाई, पाण्याच्या बाबतीत त्यांच्याच्यानं खोटं बोलवेना. “गेल्या साली बी होती,” त्या म्हणाल्या. “त्याच्या आधल्या साली बी होती. यंदा लईच हाय.”

साहेब हसले नाहीत. मान खाली घालून माझ्या मागून आले.

मग रफिकभाईंकडे चहा. असाच, फाटलेला. साहेबांनी पूर्ण संपवला, चाचीची विचारपूस केली, तिचे पाय बघितले. उठताना मला ओसरीवर बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाले, “उपसरपंच, सरळ विचारतो. समुद्र आहे का? नसला तरी माझं काम अडत नाही.”

सांगा, तुम्ही काय केलं असतं? माझ्या मनात आलं, हाच तो सापळा. साहेब लोक अडत नाही म्हणाले की समजायचं, तिथेच अडणार. दारातून रफिकभाई डोळ्यांनी खुणावत होते, सांगून टाक. मी छाती काढून म्हणालो, आहे. साहेबांनी पुन्हा विचारलं. मी म्हणालो, आहे म्हणजे आहे, आमची ग्रामपंचायत सांगते आहे. साहेबांनी चष्मा पुसला. बरं, म्हणाले, तुमचं म्हणणं तसंच लिहितो. वर मी त्यांना बोंबिलाची जुडी बांधून दिली. घरी नेताना त्यांच्या मनात काय आलं असेल, देव जाणे.

त्या संध्याकाळी मी चाचीला सांगितलं, आता यंत्र येतंय. चाचीनं माझ्यावरून हात ओवाळून बोटं मोडली.

यंत्र आलं. शेजारच्या गावात! मग त्याच्या पलीकडच्या गावात. मग उत्तरेच्या दोन्ही गावांत. आमच्याकडे काही नाही. मी तणतणत अमरावती गाठली. साहेब तिथल्या कार्यालयात आलेले होते, नशीब माझं. मी भांडायला तोंड उघडलं, तर त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. गोड.

“मी कोकणातला,” ते म्हणाले. “माझं घर समुद्रावर आहे. समुद्र कुठे नाही हे मला नकाशा न बघताही कळतं. त्या सभागृहात तुम्ही उभे राहिलात तेव्हाच ठरवलं, की समुद्र नसून खारं पाणी पिणारी गावं वर दाखवायची, त्यांच्यासाठी वेगळं काही मागायचं. तुमचं गाव पहिलं होतं. तुमच्यानंतर चार गावं फिरलो. सगळे म्हणाले, समुद्र कुठला साहेब, नुसतं मीठ आहे. त्यांना यंत्र मिळालं. तुम्ही एकटेच म्हणालात समुद्र आहे. ही यंत्रं समुद्र नसलेल्या गावांसाठीच मंजूर झाली, आणि किनाऱ्याची गावं दुसऱ्या खात्याकडे गेली. आता ते माझ्या हातात नाही.”

म्हणजे बघा. वऱ्हाड कुठे आहे हे माहीत असलेला एक साहेब अख्ख्या मुंबईतून आमच्या गावात आला, आणि मी त्याला बोंबील दिले.

त्या दुसऱ्या खात्यानं मात्र आम्हाला सोडलं नाही. एक मोठं खोकं आलं. नारिंगी लाइफ जॅकेटं, लाल झेंडे, एक भोंगा, आणि भरतीच्या वेळी पाण्यात उतरू नये अशी पाटी. पाटी तलावावर लावली आहे, बकऱ्या तिला अंग घासतात. एक जॅकेट मी लाजत लाजत चाचीकडे नेलं, सुजलेल्या पायांखाली उशी म्हणून. चाचीनं पाय ठेवून बघितले आणि म्हणाली, “गज्जू, तेरा दर्या नरम है रे.” मला घराबाहेर येऊन रडू आलं.

आणि दर पावसाळ्यात ग्रामपंचायतीत फोन येतो. इकडे आभाळात ढग नाही, पेरलेलं करपतंय, आणि तिकडून सांगतात की समुद्र खवळलेला आहे, मच्छीमारांना जाऊ देऊ नका. सगळ्या होड्या परत आल्या का, म्हणून विचारतात. काकू फोन माझ्याच हातात देतात, तुझा समुद्र, तू सांभाळ म्हणतात. मी सांगतो, आल्या साहेब.

तर तो कॅन. तो चाचीचा आहे, म्हणून तुम्हाला फाटका चहा. रोज सकाळी मी सायकलला दोन कॅन लावून शेजारच्या गावी जातो. त्यांचं यंत्र त्यांच्या गावापुरतं, पण चाचीसाठी म्हणून देतात. फुकट मात्र देत नाहीत. रांगेतला कोणी ना कोणी रोज विचारतोच, आणि सगळी रांग उत्तर ऐकायला थांबते.

“कावून हो उपसरपंच, तुमच्या गावात तं समुद्र हाय ना?”

मी कॅन नळाखाली धरतो, मान वर न करता सांगतो, “ओहोटी हाय भाऊ.”