यादीत न आलेली आजेसासू

मंडळी, दुपारपासून जिवाला चैन नाही.

तासगावच्या आमच्या शाळेत आज आठवीला मतदानाचा हक्क शिकवला. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या मतदार यादीच्या वेळी अनेक बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. ‘अमक्याची बायको’ एवढंच सांगितलं, म्हणून त्या वगळल्या गेल्या.

घरी आल्यावर हे सासूबाईंना सांगितलं.

त्या म्हणाल्या, “आमच्या आजेसासूचंबी तसंच झालं. ‘म्हादूची आई’ म्हणाल्या, मग यादीत आल्याच न्हाईत.”

“त्यांचं नाव काय होतं?”

“आमी कवा इचारलंच न्हाई गं.”

मामंजींनाही विचारलं. “आमी आजीच म्हणायचो,” म्हणाले. मग तीन नातेवाइकांना फोन केले. कुणालाच ठाऊक नाही.

तुमच्या पणजीचं नाव माहीत असेल तर खाली लिहा. नुसतं तिचं नाव.